बोगनवेलीचं पाणी तोडताना



मागच्या आठवड्यात शेडनेटबाहेर काढून ठेवलेल्या बोगनवेलीच्या रोपांचा फोटो टाकला, तर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. रोपं अशी मरगळलेली का, पाणी कमी पडलंय का? पाणी कमी पडलेलं नाही, कमी केलंय. का केलंय, आणि त्यापायी चार हजार रोपांचा सौदा कसा अडकलाय, ते आज लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही सांगोला तालुक्यातले, म्हणजे डाळिंबवाले. दोन एकर बाग होती. पिन होल बोरर म्हणतात ती खोडकीड आणि मर रोग, या दोघांनी आमच्या भागातल्या बागाच्या बागा उठवल्या, त्यात आमचीही गेली. जेसीबी लावून झाडं उपटली त्या दिवशी आई शेताकडे फिरकली नाही. मागे उरलं काय, तर ठिबकच्या नळ्या, शेततळं, सोसायटीचं कर्ज आणि विहिरीवरची एक बोगनवेल.

ती बोगनवेल वडिलांची. कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरपुढून त्यांनी काडी मोडून आणली होती. आईनं दारात लावू दिली नाही. दारात काटा नको, हे तिचं ठरलेलं. म्हणून ती विहिरीच्या काठाला गेली, जिथं हातभर खाली निव्वळ मुरूम आहे. तिला मुद्दाम पाणी कुणी कधी घातलं नाही, खत तर नाहीच. २००३ चा दुष्काळ तिनं काढला. २०१२-१३ ला आमची जनावरं छावणीत होती, बांधावरची कागदी लिंबाची दोन झाडं जागेवर वाळली, आणि ही विहिरीवर जांभळ्या-गुलाबी रंगानं भरून उभी. तेव्हा तिचा रागच यायचा. प्यायला पाणी नाही आणि हिचं काय चाललंय म्हणून.

बाग गेल्यावर बायकोनं कृषी विज्ञान केंद्रात रोपवाटिकेचं चार दिवसांचं प्रशिक्षण केलं आणि अर्ध्या एकरावर शेडनेट उभं केलं. जांभूळ, सीताफळ, शेवगा असं सगळं करून बघितलं. टिकली ती बोगनवेल. गेली चार वर्षं घरचा किराणा आणि थोरलीची फी याच काटेरी झाडावर निघते.

आता झाडाबद्दल.

ज्याला आपण बोगनवेलीचं फूल म्हणतो ते फूल नाही. ती रंगीत पानं आहेत, शास्त्राच्या पुस्तकात त्याला छद म्हणतात. तीन छदांच्या आत बारीक नळीसारखी तीन पांढरट फुलं असतात, ती खरी फुलं. छद पातळ, कोरडे, कागदासारखे, म्हणून कागदी फूल हेही नाव पडलंय. पान असल्यामुळेच रंग महिनाभर टिकतो. खरं फूल असतं तर आमच्या उन्हात दोन दिवसांत गळालं असतं.

दुसरी गोष्ट काट्याची, आणि ही माझ्या मते या झाडातली सगळ्यात मोठी गोष्ट. पानाच्या बगलेत बघा. तिथूनच काटा येतो आणि तिथूनच फुलोरा येतो. दोन्हीची जागा एक, मूळ एक. झाड जोरात वाढीला लागलं असेल, पाणी भरपूर, नत्र भरपूर, तर त्या जागी काटा होतो. वाढ मंदावली, दिवस लहान झाले, मुळाशी कोरड पडली, की त्याच जागी फुलोरा होतो. नीट शोधलं तर मधली अवस्थासुद्धा सापडते, अर्धा काटा आणि टोकाला चिमुकला फुलोरा धरलेली. द्राक्षवाल्यांना जीए ठाऊकच आहे. तेच जिबरेलिक ॲसिड बोगनवेलीवर मारलं तर काटे वाढतात आणि फुलोरा थांबतो. म्हणजे वाढीचा जोर काट्याकडे नेतो. कुणी सांगितलं की आमच्या बोगनवेलीला नुसते काटे येतात, फूलच नाही, तर मी जातीचं नाव विचारत नाही. पाणी किती देता आणि युरिया कधी टाकला एवढंच विचारतो.

डाळिंबवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही, कारण ताण हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. बहार धरायचा म्हणजे पाणी तोडायचं, पानगळ करायची, छाटणी, खत आणि मग पाणी सोडायचं. फरक एवढाच की डाळिंबात ताण तोडून पाणी दिल्यावर नवी फूट येते आणि फुटीबरोबर कळी निघते. बोगनवेलीत आधी नवी फूट वाढवून घ्यायची, कारण फुलोरा नव्या फांदीवरच येतो. फूट वीत-दीड वीत झाली की मग ताण. कळीची तयारी ताणातच होते. छद टाचणीच्या डोक्याएवढे रंगीत दिसायला लागले की पाणी परत सुरू करायचं, म्हणजे ते मोठे होतात. तेव्हाही ताण चालू ठेवला तर रंग बारीक राहतो आणि लवकर गळतो. ताण किती द्यायचा? पानं दुपारी मान टाकतात आणि सकाळी परत उभी राहतात, तिथपर्यंत. सकाळीही उभी राहिली नाहीत तर त्याच दिवशी पाणी. कुंडीतल्या झाडाला हा ताण आठवड्याच्या आत बसतो. जमिनीतल्या जुन्या झाडाला महिना लागेल, आणि काळ्या भारी जमिनीत बसेलच असं नाही. म्हणून म्हणतो, बोगनवेल भारी जमिनीत लावूच नका. तिला मुरूम द्या, उतार द्या, दिवसभराचं ऊन द्या. सावलीत ती जगते, पण नुसती हिरवी लांबत राहते.

छाटणी आम्ही वर्षातून एकदा मोठी करतो, उन्हाळ्याचा बहर ओसरल्यावर, मृगाच्या आगेमागे. पावसात फूट वाढते. सप्टेंबरात नुसते शेंडे खुडायचे, म्हणजे एका फांदीच्या तीन होतात. मग पाऊस उघडला, दिवस आखडला, की दिवाळीनंतर रंग सुरू होतो तो मेपर्यंत. मोठ्या छाटणीला हात राखू नका. विहिरीवरची मी कमरेइतकी ठेवतो आणि बाकी सगळं उतरवतो. फांद्या मात्र तिथल्या तिथे पडू देऊ नका. हा काटा चपलेच्या तळातून आरपार येतो, मोटारसायकलचं टायर तर त्याच्यापुढे काहीच नाही. आम्ही त्या बांधावरच्या खिंडारात रचतो, डुकराच्या वाटेवर. वाळल्या की उत्तम अडसर होतो. हातमोजे चामड्याचेच घ्या, कापडी मोज्याचा काही उपयोग नाही. काटा रुतून आत मोडला तर तसाच ठेवू नका, ती जागा ठणकत राहते.

याच छाटणीतून आमच्या काड्या निघतात. पेन्सिलीएवढी जाड, पूर्ण हिरवी नाही आणि अगदी जून लाकूडही नाही अशी काडी. साधारण १५ ते २० सेंटिमीटर, चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. तिरका काप कशासाठी, तर त्याचे बाकी फायदे असतील ते असोत, पण शंभर काड्यांच्या जुडीत कुठलं टोक खाली घालायचं हे अंधारातही कळतं. आयबीए आम्ही २००० पीपीएमचं वापरतो, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. ते नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी वाढवायचं. त्यात खालचं टोक पाच-दहा सेकंद बुडवायचं आणि धुतलेली वाळू आणि कोकोपीट यात खोचायचं. वरून प्लास्टिकचा बोगदा, आत दमट हवा, पण खाली पाणी साचता कामा नये.

इथं नवीन माणूस एका ठिकाणी फसतो. दोन-अडीच आठवड्यांत काडीला पालवी फुटते. वाटतं लागली. लागलेली नसते. ती काडीतल्या साठवलेल्या अन्नावरची पालवी असते, खाली मुळाचा पत्ता नसतो. मूळ धरायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर उपटून बघायचं नाही. आमच्याकडे हे काम बायकोचं. माझ्यापेक्षा तिच्या काड्या जास्त लागतात, आणि त्याचं कारण ती सांगते ते असं की ती रोज जाऊन त्यांना हलवत नाही.

मूळ धरल्यावरही हे झाड हळवं आहे, वरून कितीही दांडगं दिसो. मुळं केसासारखी बारीक आणि ठिसूळ. पिशवी बदलताना हुंडी फुटली की रोप गेलं. म्हणून पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडनं उभी कापायची, आणि लावणीच्या आदल्या रात्री भरपूर पाणी द्यायचं म्हणजे माती एकसंध राहते.

जातींबद्दल जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. रस्त्याला आणि कुंपणाला ग्लाब्रा. पानं लहान चकचकीत, काडी लवकर लागते, वर्षातले जास्तीत जास्त दिवस रंग. मिसेस बटचा लाल रंग फार देखणा. महाराचे छद भरगच्च दुहेरी, पण वाळल्यावर गळत नाहीत, तसेच तपकिरी होऊन फांदीला चिकटून राहतात, मला ते झाड आवडत नाही. मेरी पामरला एकाच झाडावर पांढरा आणि राणी असे दोन्ही रंग येतात. तिची काडी घेताना दोन्ही रंग असलेल्या फांदीचीच घ्या, आणि लागण कमी होते हे धरूनच काड्या जास्त लावा, नाहीतर गुटी बांधा. थिम्मा ही त्याच मेरी पामरची चट्ट्यापट्ट्याच्या पानांची बहीण. तिच्यात मधूनच निव्वळ हिरव्या पानाची फांदी निघते. ती दिसली की बुडातून काढायची, कारण ती जोरकस असते आणि बाकीच्यांना दाबते. जातींची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवायचं काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे, हे फार जणांना माहीत नसतं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझीलकडचं, आणि नोंदी आपल्याकडे.

नावाची गोष्टही गमतीची आहे. १७६७ साली फ्रेंचांची जहाजं जगप्रदक्षिणेला निघालेली असताना रिओ द जानेरोला थांबली. त्यावरच्या कॉमर्सन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं हे झाड टिपलं आणि मोहिमेचा प्रमुख बोगनव्हिल याचं नाव त्याला दिलं. कॉमर्सनच्या हाताखाली झाडं गोळा करणारी, ओझी वाहणारी एक बाई होती, जीन बारे. बाईला जहाजावर परवानगी नव्हती म्हणून पुरुषाच्या वेषात. जगाला फेरी मारणारी पहिली बाई म्हणून आज तिचं नाव घेतात. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा बायको काड्या बांधत होती. म्हणाली, म्हणजे काटे तिनं काढले आणि वेल साहेबाची झाली.

रोगकिडीचं फार नाही. पिठ्या ढेकूण येतो, विशेषतः शेडनेटच्या कोपऱ्यात. आधी मुंग्या बंद करा, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम लिटरला, संध्याकाळी, दमट हवेत. पानं कातरणारी अळी दिवसा दिसत नाही, रात्री बॅटरी घेऊन बघा. आमच्या चुनखडीच्या जमिनीत खरा त्रास लोहाच्या कमतरतेचा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. त्याला युरिया उत्तर नाही. चिलेटेड लोह द्या किंवा फेरस सल्फेट ५ ग्रॅम लिटरला फवारा, पाण्यात थोडं लिंबू पिळून.

आता सौद्याचं.

दिवाळीनंतर रस्त्याच्या दुभाजकात झाडं लावणाऱ्या एका ठेकेदाराकडून विचारणा आली. आमच्या तालुक्यातून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो, चौपदरी झाल्यापासून त्या बाजूचे रोपवाटिकावाले या कामांकडे डोळे लावून असतात. दुभाजकाला बोगनवेल का, हे ज्यानं रात्री गाडी चालवलीय त्याला कळेल. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येत नाही, झाड कमी पाण्यावर निभतं, आणि छाटली तितकी दाट होते. मागणी चार हजारांची. भाव ४२ रुपये ठरला. म्हणजे १ लाख ६८ हजार. उंची तीन फूट पाहिजे, हिरवीगार पाहिजे, आणि मार्चएंडच्या आत लागली पाहिजेत.

मार्चएंडच्या आत. बिलाचं वर्ष संपतं म्हणून. झाडाचं वर्ष मार्चला संपत नाही, त्याचा तर तेव्हा वैशाखवणवा पुढे उभा असतो. पण निविदा झाडाला विचारून निघत नाही.

हा दुभाजक म्हणजे काय जागा आहे ते बघा. दोन्ही बाजूला काँक्रीट, खाली कामातून उरलेला मुरूम आणि डबर, वर ऊन, बाजूनं गाड्यांचा झोत. पाणी टँकर येईल तेव्हा. आता शेडनेटमध्ये वाढलेलं रोप डोळ्यांपुढे आणा. अर्ध्या उन्हात, रोज ठिबकवर, १९:१९:१९ चे दोन-तीन डोस दिलेलं. तीन फूट होतं, हिरवंगार दिसतं. त्याचं पान रुंद आणि पातळ असतं, कारण सावलीत पान तसंच बनतं. मुळं पिशवीतल्या ओल्या वरच्या थरातच, कारण खाली जायची गरजच पडलेली नसते. ते रोप मार्चमध्ये दुभाजकात लावलं तर पहिल्या चार दिवसांत पानं करपतात आणि पंधरा दिवसांत काडी उरते. मी जाता-येता थांबून बघितलंय. जुन्या लावणीच्या एका पट्ट्यात ओळीनं साठ खड्डे मोजले, एकवीस रिकामे. रिकाम्या खड्ड्याच्या कडेला आमच्याच भागातल्या पिशव्यांचं प्लास्टिक.

आणि नांग्या कुणी भरायच्या? ठेकेदाराचं म्हणणं, वर्षभर मेलेली रोपं रोपवाटिकेनं फुकट द्यायची.

मी म्हणालो, देतो. पण रोप माझ्या पद्धतीनं तयार करणार. जानेवारीच्या मध्यावर सगळी चार हजार शेडनेटबाहेर काढली. पहिले आठ दिवस नेटच्या सावलीच्या कडेला, मग पूर्ण उन्हात. पाणी रोजचं एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड, मग पान मान टाकेल तेव्हा. नत्र पूर्ण बंद, एकदा ०:५२:३४ फवारलं. शेंडे खुडून उंची दोन फुटांवर धरली, म्हणजे खोड जाड होतं. पिशव्या दर पंधरवड्याला जागेवरून उचलून हलवल्या, नाहीतर मुळं भोकातून जमिनीत शिरतात आणि निघताना तुटतात. चार हजार पिशव्या, मी, बायको आणि दोन बायका मजुरीवर, पाठीचं काय होतं ते विचारू नका. पहिली रुंद पानं गळाली. नवी आली ती लहान, जाडसर, थोडी गडद. काहींना ताणामुळे रंगही आला, तो खुडून टाकला, लावणीआधी झाडाची ताकद त्यात घालवण्यात अर्थ नाही. हीच रोपं तुम्ही फोटोत बघितली.

फेब्रुवारीच्या शेवटी ठेकेदाराचा माणूस आला. रोपांकडे बघून पहिला शब्द, "ही काय, वाळकीच दिसतायत." टेप काढली, दोन फूट. तीन फूट ठरलं होतं. मी एक पिशवी उभी कापून दाखवली. हुंडीभोवती पांढऱ्या मुळांची जाळी तळापर्यंत. मग नेटमध्ये मुद्दाम ठेवलेल्या पाच-पंचवीस हिरव्यागार रोपांतलं एक कापलं. वर तीन फूट, आत निम्मी माती नुसती, हातात घेतली की हुंडी सुटून पडली. त्यानं दोन्ही बघितलं. माणूस अडाणी नव्हता. म्हणाला, "दादा, कळतंय मला. पण साहेब गाडीतून बघणार, पिशवी कापून नाही बघणार. याचे तीस देतो."

तीस म्हणजे १ लाख २० हजार. ४८ हजारांचा फरक.

त्या रात्री घरात बोलाचाली झाली, लपवत नाही. सोसायटीचा हप्ता ३१ मार्चला भरायचा, १ लाख ५ हजार. त्या तारखेच्या आत भरला तर व्याजाची सवलत मिळते. धाकटा भाऊ म्हणाला, तीस तर तीस, हप्ता भरून वर पंधरा उरतात, देऊन टाक. त्याचं चूक नाही. त्याच्या नावावर पण तेवढंच कर्ज आहे. उरलेली हिरवी रोपं पंधरा दिवसांत युरियावर तीन फूट करून देता येतील, असंही त्यानं सुचवलं. बायको एवढंच म्हणाली की तशी रोपं या गेटमधून जाणार नाहीत. मेली की नाव ठेकेदाराचं जात नाही, पिशवी कुणाची ते सगळ्या पंचक्रोशीला माहीत असतं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कालवड विकायची नाही, बाकी काय करायचं ते करा.

दोन दिवस फोनाफोनी करून जे ठरलं ते असं. दोन हजार रोपं, ३६ रुपयांनी, म्हणजे ७२ हजार, गाडी भरतानाच रोख. नांग्या भरून देणार, पण दहा टक्क्यांपर्यंतच, आणि लावल्यावर पहिला महिना आठवड्यातून दोनदा टँकर फिरला तरच. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. कोर्टात टिकणारा कागद नाही तो, मला माहीत आहे. पण लिहिताना त्या माणसानं टँकरचे वार विचारून घेतले, तेवढ्यानं तरी थोडं बरं वाटलं.

राहिलेली दोन हजार जूनपर्यंत सांभाळायची. मृगात कुंपणासाठी शेतकरी येतात. एकेकटा पन्नास, शंभर नेतो, भाव नीट देतो, आणि रोप बुटकं आहे म्हणून नाक मुरडत नाही. कुंपणाला लावणाऱ्यांना एवढंच सांगणं: दोन ओळी नागमोडी, रोपांत अडीच-तीन फूट अंतर, पहिली दोन वर्षं शेळ्या लांब ठेवा. काटा जून झाल्यावर शेळी विचार करते, कोवळा शेंडा ती सोडत नाही. आणि शेजाऱ्याच्या वाटेवर फांद्या जाणार असतील तर आधी त्याला विचारा. बांधावरून भांडणं कमी आहेत का आपल्याकडे!

हप्त्याला ३३ हजार कमी पडतायत. भावानं १५ देतो म्हटलंय, बाकीचं दूधवाल्याकडून उचल मिळते का ते बघतोय.

टेम्पो उद्या पहाटे येणार. आज संध्याकाळी दोन हजार पिशव्यांना सावकाश, तळापर्यंत पाणी सोडलंय, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच इतकं. बायकोनं ड्रायव्हरला आत्ताच फोन करून बजावलंय, पिशव्या आडव्या रचायच्या नाहीत, वरून ताडपत्री बांधायची, आणि खाली घेताना शेंड्याला धरायचं नाही.